विकीत अडकलेल्या दुरुस्त्या

महाराष्ट्रातल्या सॉफ्टवेअर कंपन्यांच्या इंजिनिअरिंग प्रमुखांस खुले पत्र



हिंजवडीत, खराडीत, ऐरोलीत, पवईत किंवा नागपूरच्या मिहानमध्ये ज्यांच्या टीम्स बसतात आणि त्या टीम्सनी दिवसभर काय करायचं हे ज्यांच्या सहीने ठरतं, त्या सर्वांना हे पत्र आहे. मी टेक्निकल रायटर आहे. मुक्तस्रोत सॉफ्टवेअरची डॉक्स हा माझ्या कामाचा विषय आणि जिव्हाळ्याचाही. या डॉक्सचं एक जुनं दुखणं आपल्या हातून बरं होण्यासारखं आहे, म्हणून थेट आपल्यालाच लिहिते आहे.

पोस्टग्रेस डेटाबेसचं उदाहरण घेते, कारण आपल्यापैकी बहुतेकांकडे तो कुठे ना कुठे चालतो. मुख्य सर्व्हर पडला तर काम हाती घेणारा दुसरा सर्व्हर, म्हणजे स्टँडबाय, उभा करायचा तर ११व्या आवृत्तीपर्यंत ‘रिकव्हरी डॉट कॉन्फ’ नावाची फाइल लिहावी लागे. ऑक्टोबर २०१९ मध्ये १२वी आवृत्ती आली आणि ही फाइल बाद झाली. तिच्यातल्या सेटिंग्ज मुख्य कॉन्फिगरेशन फाइलमध्ये गेल्या आणि सर्व्हर स्टँडबाय आहे हे सांगायला ‘स्टँडबाय डॉट सिग्नल’ नावाची रिकामी फाइल आली. जुनी फाइल जागेवर सापडली तर नवा सर्व्हर सुरूच होत नाही, चूक दाखवून थांबतो. हे मुद्दाम केलेलं आहे आणि योग्यच आहे. जुन्या सेटिंग्जकडे सर्व्हरने गुपचूप दुर्लक्ष केलं असतं तर त्याचा पत्ता थेट संकटाच्या वेळी लागला असता. पण तोवर वर्षानुवर्षं लिहिलेले धडे, स्क्रिप्ट्स, पुस्तकांतली प्रकरणं, सगळीकडे ‘आधी रिकव्हरी डॉट कॉन्फ तयार करा’ असंच होतं.

प्रकल्पाची स्वतःची डॉक्स नव्या आवृत्तीपुरती बरोबर होती. तरीही जुन्या नावाच्या शोधात येणारा माणूस अडत होता, कारण त्या नावाचं पानच नव्या डॉक्समध्ये उरलं नव्हतं. पुढे डॉक्सना एक परिशिष्ट जोडलं गेलं: बाद झालेल्या आणि नाव बदललेल्या गोष्टींचं. त्यात रिकव्हरी डॉट कॉन्फचं एक छोटं पान आहे. ही फाइल आता नाही, तिच्यातलं काय कुठे गेलं, इतकंच ते सांगतं. मला हे पान फार मोलाचं वाटतं. जी गोष्ट आता नाही तिच्याबद्दल लिहून ठेवावं, हे ती काढून टाकणाऱ्याला सहसा सुचत नाही. ते सुचतं रात्री दोन वाजता अपग्रेड करताना अडकलेल्याला, किंवा अशा माणसाचं म्हणणं कान देऊन ऐकणाऱ्याला.

आता आपल्या कंपनीकडे पाहू. ते अपग्रेड आपल्याकडेही झालं असेल. तीच अडचण आली असेल. टीममधल्या कुणी ती शोधून काढली आणि अंतर्गत विकीवर ‘अपग्रेडआधी हे तपासा’ असं नीटनेटकं पान लिहिलं. पलीकडच्या इमारतीतल्या कंपनीतही तसंच पान लिहिलं गेलं. एकाच शोधाच्या कितीतरी प्रती तयार झाल्या, प्रत्येक प्रत लॉगिनच्या आड राहिली, आणि ज्या प्रकल्पाच्या डॉक्समध्ये ते वाक्य सर्वांच्या आधी असायला हवं, तिथे ते फार उशिरा पोहोचलं. हे एका फाइलपुरतं नाही. ‘डॉकर-कंपोज’ ही जोडरेघ असलेली जुनी आज्ञा घ्या. तिच्या पहिल्या पिढीला जुलै २०२३ पासून सुधारणा मिळणं बंद झालं, तरी असंख्य रीडमी फाइलींत आजही तीच लिहिलेली आहे. आपल्याकडे नव्याने रुजू झालेली मुलं ती टाइप करतात, अडतात, शेजारच्याला विचारतात आणि पुढे जातात. रीडमी तशीच राहते.

माझं म्हणणं थोडक्यात हे आहे. मुक्तस्रोत प्रकल्पांची डॉक्स ताजी ठेवायला जी माहिती लागते, तिचा मोठा भाग आपल्या विकींमध्ये, तिकिटांमध्ये आणि चॅटच्या धाग्यांमध्ये पडून आहे. ती प्रकल्पांकडे परत जाऊ द्या, आणि कामाच्या वेळेत जाऊ द्या.

डॉक्स शिळी होण्याचा दोष सहसा मेंटेनरच्या आळसावर टाकला जातो. ते बरोबर नाही. जो कोड बदलतो त्याला बदल माहीत असतो, म्हणून ते पान उघडायची त्याला गरजच पडत नाही. ज्याला पान उघडावं लागतं, त्याला बदल झाल्याचं माहीत नसतं. दोघांची गाठ पडत नाही. शिवाय कोड तुटला तर लगेच कळतं: बिल्ड पडतं, टेस्ट लाल होते, ऑन-कॉलवर असलेल्याचा फोन वाजतो. वाक्य खोटं ठरलं तर काहीच वाजत नाही.

काही प्रकल्पांनी यावर चांगले उपाय शोधले आहेत. पायथनमध्ये २००१ पासून ‘डॉकटेस्ट’ आहे. डॉक्समध्ये लिहिलेलं उदाहरण ते चालवून पाहतं आणि उत्तर छापलेल्या उत्तराशी जुळतं का हे तपासतं. रस्ट भाषेत डॉक्समधली उदाहरणं टेस्टबरोबर आपोआप चालतात. जँगोमध्ये डॉक्स नसलेला नव्या सुविधेचा पॅच अपुरा मानला जातो. कुबरनेटीसच्या प्रत्येक रिलीजमागे डॉक्सची वेगळी टीम असते आणि सुविधेची डॉक्स मुदतीत आली नाहीत, तर ती सुविधा त्या रिलीजमधून मागे ठेवली जाऊ शकते. आपली कंपनी स्वतः एखादा मुक्तस्रोत प्रकल्प चालवत असेल तर यांतला एखादा नियम आजच लावावा, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

पण यंत्र उदाहरण तपासू शकतं, वाक्य नाही. ‘हा पर्याय दिला नाही तर अमुक गृहीत धरलं जातं’ हे वाक्य कोणती टेस्ट तपासणार? मायएसक्यूएलमध्ये अक्षरसंचाचा डीफॉल्ट वर्षानुवर्षं लॅटिन-१ होता. २०१८ मध्ये आलेल्या ८.० आवृत्तीत तो बदलून जगातल्या सगळ्या लिप्या सामावणारा युटीएफ८एमबी४ झाला. जुन्या डीफॉल्टवर बनवलेल्या टेबलात देवनागरी नाव घातलं की त्याच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उमटे, नाहीतर नोंदच नाकारली जाई. मराठीतून अर्ज, पावत्या आणि याद्या हाताळणारं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या प्रत्येकाला या एका डीफॉल्टने कधी ना कधी छळलेलं आहे. अशा बदलानंतर कुठल्याशा प्रकल्पाच्या इन्स्टॉलेशनच्या पानावर जुनं वाक्य राहून गेलं तर ते कोण पकडणार? जो ते वाक्य वाचतो, त्याप्रमाणे वागतो आणि वेगळंच घडलेलं पाहतो, तोच. पोस्टग्रेसने १४व्या आवृत्तीत पासवर्ड साठवण्याची डीफॉल्ट पद्धत एमडी५ वरून स्क्रॅमवर नेली, तेव्हा जुने ड्रायव्हर वापरणाऱ्यांची लॉगिन्स अडली. तिथेही प्रत्येक ड्रायव्हरच्या डॉक्समध्ये कुठलं वाक्य आता खोटं झालं आहे, हे अडलेल्यालाच सर्वांत आधी कळलं. असे वाचक सर्वांत मोठ्या संख्येने आपल्याकडे आहेत.

गिटहबने २०१७ मध्ये मुक्तस्रोत वापरणाऱ्या आणि घडवणाऱ्या लोकांचं एक मोठं सर्वेक्षण केलं. अपुरी किंवा कालबाह्य डॉक्स ही सगळीकडे भेटणारी अडचण आहे असं ९३ टक्के लोकांनी सांगितलं. त्याच सर्वेक्षणात योगदान देणाऱ्यांपैकी ६० टक्के जण म्हणाले की डॉक्समध्ये आपण क्वचितच भर घालतो किंवा कधीच घालत नाही. हे दोन आकडे शेजारी ठेवले की लोकांना पर्वा नाही असा निष्कर्ष काढावासा वाटतो. मला तो पटत नाही. अडचण येते त्या क्षणी माणसाच्या हातात दुसरं काम असतं. त्या कामाला मुदत असते, स्प्रिंटमध्ये जागा असते, अप्रेजलमध्ये ओळ असते. दुरुस्तीला यातलं काहीच नसतं. संध्याकाळी घरी जाऊन, जेवण झाल्यावर, स्वतःच्या लॅपटॉपवर ती करावी अशी अपेक्षा धरली तर दहातला एखादाच ती करणार.

या कामाचं मोल किती, हे लिनक्सच्या मॅन-पेजेसवरून दिसतं. कर्नलला काय विचारता येतं, त्याचं उत्तर कोणत्या रूपात येतं आणि चूक झाली तर कोणता संकेत मिळतो, हे सांगणारी ही पानं. १९९३ मध्ये हा प्रकल्प सुरू झाला. २००४ पासून पुढची बरीच वर्षं मायकल केरिस्क यांनी तो सांभाळला. त्यांचं काम कर्नल लिहिणाऱ्यांनी सांगितलेलं शुद्ध भाषेत उतरवणं एवढंच नव्हतं. ते नव्या सुविधा चालवून पाहत, त्यांच्याबद्दल प्रश्न विचारत. २००७ मध्ये कर्नलच्या २.६.२२ आवृत्तीत ‘टायमरएफडी’ नावाची सुविधा आली. इतक्या वेळाने मला कळव, असं प्रोग्रामने कर्नलला सांगायची ती सोय. चालू टायमरचा किती वेळ उरला आहे हे विचारायची व्यवस्थाच तिच्यात नाही, जुन्या टायमरांत मात्र ती आहे, हे केरिस्क यांनी दाखवून दिलं. पुढच्याच आवृत्तीत ती सुविधा बंद ठेवली गेली आणि २.६.२५ मध्ये नव्याने आखून, एका आज्ञेऐवजी तीन आज्ञांच्या रूपात, परत आणली गेली. कर्नलमध्ये एकदा रुळलेली गोष्ट बदलता येत नाही, कारण जगभरचे प्रोग्राम तिच्यावर विसंबतात. ती रुळायच्या आत कुणीतरी तिचं वर्णन करायच्या नजरेने पाहिलं, म्हणून ती सुधारली. डॉक्स लिहिणाऱ्याला गोष्ट शेवटपर्यंत समजून घ्यावीच लागते. अर्धवट समजलेल्या गोष्टीचं वाक्य पूर्णच होत नाही.

केरिस्क यांच्यानंतर ही जबाबदारी आलेहांद्रो कोलोमार यांच्याकडे आली. सप्टेंबर २०२४ मध्ये त्यांनी जाहीर केलं की पैशांअभावी हे काम ते थांबवत आहेत. अनेक वर्षं त्यांनी ते विनामोबदला, स्वतःच्या वेळेत केलं होतं. पुढे काही कंपन्यांनी पैसा उभा केला आणि काम पुन्हा सुरू झालं. मधल्या काळात काय झालं असेल याचा विचार आपण करावा, अशी माझी विनंती आहे. लिनक्स बदलत राहिला. आपल्या प्रत्येक सर्व्हरवर, प्रत्येक कंटेनरमध्ये तो चालत राहिला. त्याचं वर्णन करणाऱ्या पानांना मात्र हात लावणारं कुणी नव्हतं. आपल्या इमारतींमध्ये दिवसभरात ही पानं किती वेळा उघडली जातात, याचा अंदाज आपले इंजिनिअर आपल्याला सांगतील.

मी आपल्याकडे आधी पैसे मागत नाही. ज्यांना देता येतील त्यांनी जरूर द्यावेत. वेब तंत्रज्ञानाच्या एमडीएन या डॉक्सचे लेखक २०२० च्या नोकरकपातीत गेले, तेव्हा काही कंपन्या एकत्र आल्या आणि २०२१ मध्ये ओपन वेब डॉक्स ही संस्था उभी राहिली. आज तिचे पगारी लेखक ती पानं सांभाळतात. हा मार्ग चांगला आहे. पण पैशांच्या आधी लागते ती परवानगी, आणि परवानगीला खर्च येत नाही.

आपल्याकडच्या बहुतेक नोकरीच्या करारांत एक कलम असतं: नोकरीत असताना कर्मचाऱ्याने लिहिलेलं सर्व काही कंपनीचं. ते कलम का आहे हे मला समजतं. पण त्याचा एक परिणाम असा होतो की दुसऱ्याच्या प्रकल्पाला दोन ओळींची डॉक्सची दुरुस्ती पाठवायलाही इंजिनिअर कचरतो. लिनक्स कर्नलमध्ये २००४ पासून प्रत्येक पॅचच्या तळाशी ‘साइन्ड-ऑफ-बाय’ अशी ओळ आणि नाव लागतं. पुढे इतर अनेक प्रकल्पांनीही ही रीत घेतली. त्या ओळीचा अर्थ असा की हे मी लिहिलं आहे आणि या परवान्याखाली ते देण्याचा मला हक्क आहे. प्रामाणिक माणूस इथे थांबतो, कारण करारानुसार तो हक्क त्याचा नसतो. मग तो मॅनेजरला विचारतो, मॅनेजर लीगलला मेल पाठवतो, लीगल विचारतं की यात आपलं काही उघड होतंय का, आणि तीन आठवड्यांनी उत्तर येईपर्यंत दुरुस्तीच विस्मरणात जाते. मी हे अनेकदा पाहिलं आहे. यात वाईट हेतू कुणाचाच नसतो. फक्त दोन ओळींच्या दुरुस्तीला तीच वाट चालावी लागते जी अख्खं उत्पादन मुक्त करायला लागते.

हे बदलायला एका पानाचं धोरण पुरतं. आपण वापरत असलेल्या मुक्तस्रोत प्रकल्पांच्या डॉक्समध्ये दुरुस्ती पाठवायला सर्व कर्मचाऱ्यांना आगाऊ, कायमची, लेखी परवानगी आहे, असं त्यात लिहा. ग्राहकाचं नाव, आतल्या सर्व्हरची नावं, पासवर्ड आणि की यांना बंदी, हेही लिहा. ज्या प्रकल्पांना कंपनीकडून वेगळा करार लागतो त्यांच्या करारावर एकदाच सही करून ठेवा. आपल्या विकीवरचं एखादं पान उघडून पाहा. त्यातला आपल्या व्यवसायाचा भाग आणि त्या सॉफ्टवेअरबद्दलचा भाग सहज वेगळे दिसतात. ‘या आवृत्तीत हा डीफॉल्ट बदलला आहे’ या वाक्याने कुणाचंही व्यापारी गुपित फुटत नाही.

परवानगीनंतर वेळ. आठवड्यातला एक तास स्प्रिंटमध्ये नोंदवायची मुभा द्या आणि वर्षअखेरीला ते काम कामच माना. मात्र इथे एक धोका आहे आणि तो मला गंभीर वाटतो. योगदानांची संख्या मोजू नका. २०२० च्या ऑक्टोबरात काय झालं ते अनेकांना आठवत असेल. चार पुल रिक्वेस्ट पाठवणाऱ्याला टी-शर्ट देणारा उपक्रम होता, आणि त्या वर्षी रीडमीत एखादा निरर्थक शब्द घुसडणाऱ्या रिक्वेस्टांचा जगभरच्या प्रकल्पांवर लोंढा आला. पाठवणाऱ्यांत आपल्या देशातले कॉलेजचे विद्यार्थीही मोठ्या संख्येने होते. टी-शर्ट मिळवायची सोपी वाट त्यांना व्हिडिओंमधून कुणी दाखवली होती. मेंटेनरांचे दिवसच्या दिवस त्या रिक्वेस्ट बंद करण्यात गेले. शेवटी आयोजकांनी महिना सुरू होताच नियम बदलला आणि सहभागी व्हायचं का हे प्रकल्पांवर सोपवलं. डॉक्सच्या दुरुस्तीला ‘सोपं काम’ समजण्यातून हे घडलं. कंपनीने ‘तिमाहीत पाच योगदानं’ असं लक्ष्य लावलं तर तेच पुन्हा घडेल, फक्त या वेळी आपल्या नावावर.

म्हणून दुरुस्तीचा दर्जा आपल्याकडेच, पाठवायच्या आधी पाहिला जावा. चांगली दुरुस्ती फार लांब नसते. कोणती आवृत्ती, कोणती ऑपरेटिंग सिस्टिम, पानावर काय लिहिलं आहे, प्रत्यक्षात काय घडलं आणि त्याऐवजी काय लिहायला हवं. आवृत्तीचा उल्लेख सर्वांत आधी. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिबरऑफिस, पायथन वगैरेंचे धडे मराठीतही ऐकायला मिळतात, आणि त्यांत सुरुवातीलाच सांगतात की हा धडा कोणत्या ऑपरेटिंग सिस्टिमवर आणि सॉफ्टवेअरच्या कोणत्या आवृत्तीवर तयार केला आहे. एवढ्याशा सवयीमुळे तो धडा जुना झाला तरी खोटा होत नाही. ऐकणाऱ्याला कळतं की आपल्या पडद्यावर काही वेगळं दिसलं तर ते का. आपल्या विकीवरच्या प्रत्येक पानाच्या माथ्यावर अशी ओळ सक्तीची करा. त्या पानातून अपस्ट्रीमला दुरुस्ती पाठवताना निम्मं काम आधीच झालेलं असेल.

आणखी एक अडसर आहे, ज्याबद्दल मीटिंगमध्ये कुणी बोलत नाही. तो इंग्रजीचा. परभणी, सोलापूर, चंद्रपूर, रत्नागिरीच्या कॉलेजांतून आलेली, मराठी माध्यमात शिकलेली कितीतरी मुलंमुली आपल्याकडे उत्तम काम करतात. डेटाबेसच्या पोटातलं त्यांना अचूक कळतं. पण सगळ्या जगासमोर चार इंग्रजी वाक्यं लिहायची म्हटली की ती मागे सरतात. चूक दिसते, कारण कळतं, तरी पाठवत नाहीत. मला याचं फार वाईट वाटतं, कारण मेंटेनरला सुंदर भाषा नकोच असते. आज्ञा, तिचं जसंच्या तसं आलेलं उत्तर आणि ‘पानावर हे लिहिलं आहे, दिसलं मात्र हे’, एवढ्यावर त्याचं भागतं. आपल्याकडे टेक्निकल रायटर आहेत. त्यांच्या वेळातला थोडा भाग या मुलांसाठी राखून ठेवा. एकदा कुणीतरी शेजारी बसून पहिली दुरुस्ती पाठवायला मदत केली की दुसऱ्या वेळी ती मदत लागत नाही. मेंटेनरचं ‘धन्यवाद, मर्ज केलं’ असं उत्तर आल्यावर त्या मुलीचा चेहरा काय होतो, हे मी पाहिलेलं आहे. पुढच्या वेळी ती स्वतःहून डॉक्स वाचते, आणि नुसत्या वापरणाऱ्याच्या नजरेने वाचत नाही.

मराठीचा विषय निघालाच आहे तर थोडं विषयांतर करते. भाषांतरं मूळ डॉक्सपेक्षाही लवकर शिळी होतात. मुक्त सॉफ्टवेअरच्या भाषांतरांसाठी बहुतेक ठिकाणी वापरली जाणारी गेटटेक्स्ट ही व्यवस्था मूळ इंग्रजी वाक्य बदललं की जुन्या मराठी वाक्यावर ‘संदिग्ध’ असा शिक्का मारते, आणि कुणी तपासून तो काढेपर्यंत पडद्यावर इंग्रजीच दाखवते. चुकीचं मराठी दाखवण्यापेक्षा हे बरं, पण परिणाम असा की सांभाळणारं कुणी नसलेल्या प्रोग्रामात एक मेनू मराठी आणि दुसरा इंग्रजी होत जातो. मराठीची गोडी असलेले लोक आपल्या कंपन्यांमध्ये आहेतच. परवानगी देताना भाषांतरही त्यात धरा.

आता कुणी म्हणेल, डॉक्स वाचतंय कोण? सगळे एआयलाच विचारतात. खरं आहे, विचारतात. पण ती मॉडेलं शिकली आहेत ती याच पानांवर, आणि पानांच्या जुन्या, नव्या, चुकलेल्या अशा सगळ्या प्रतींवर. बाद झालेल्या फाइलबद्दल हजारो पानं आणि ती बाद झाल्याचं सांगणारी मोजकी, असं असेल तर उत्तर कोणत्या बाजूला झुकण्याची भीती आहे, हे सांगायला नको. पूर्वी शिळं पान वाचणाऱ्याला निदान त्याची तारीख दिसत असे. आता तेच वाक्य तारखेशिवाय, नव्या कोऱ्या भाषेत समोर येतं. म्हणजे मूळ पान बरोबर असण्याची गरज आज कमी झालेली नाही, वाढली आहे. आणि ते बरोबर आहे का हे प्रत्यक्ष सर्व्हरवर पाहून सांगणारा माणूस अजूनही आपल्याच पगारपत्रकावर आहे.

एक गोष्ट मेंटेनरांच्या बाजूनेही सांगायला हवी. आपण पाठवलेली प्रत्येक दुरुस्ती लगेच स्वीकारली जाईल असं नाही. काही प्रकल्पांत एकच माणूस असतो आणि त्याची नोकरी वेगळीच असते. काही ठिकाणी आपण ज्याला चूक म्हणतो ते मुद्दाम तसं ठेवलेलं असतं. उत्तराला वेळ लागला म्हणून आपल्या माणसाने नाउमेद होऊ नये, आणि वरिष्ठांनीही ‘मग उपयोग काय’ असं विचारू नये. न स्वीकारलेली पण नीट लिहिलेली दुरुस्तीही प्रकल्पाच्या नोंदींत सर्वांना दिसेल अशी राहते. पुढे तिथेच अडणाऱ्याला ती शोधल्यावर सापडते. आपल्या विकीतलं पान त्याला कधीच सापडणार नाही.

सुरुवात कुठून करावी असं विचाराल तर पुन्हा पोस्टग्रेसकडेच बोट दाखवेन. त्याची नवी मोठी आवृत्ती दरवर्षी साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सुमारास येते आणि पहिला बीटा बहुधा मे महिन्यात. बीटाबरोबर नव्या आवृत्तीची डॉक्सही वाचायला मिळतात. येत्या बीटाच्या वेळी आपले दोन डीबीए दोन दिवसांसाठी मोकळे करा. अपग्रेड, बॅकअप आणि रेप्लिकेशन ही प्रकरणं त्यांनी आपल्या विकीवरच्या पानांसमोर ठेवून वाचावीत, स्टेजिंगवर एक सर्व्हर उभा करून पायरी-पायरीने करून पाहावं, आणि जिथे अडतील ते लिहून घ्यावं. पॅच पाठवण्याची तयारी नसेल तरी चालेल. पोस्टग्रेसच्या डॉक्समध्ये प्रत्येक पानाच्या तळाशी चूक कळवायची सोय आहे आणि तिथे लिहिलेलं थेट डॉक्स सांभाळणाऱ्यांकडे जातं. मे महिन्यात कळवलेली चूक ऑक्टोबरच्या आत दुरुस्त व्हायला वेळ असतो. त्यानंतर त्या आवृत्तीवर जाणाऱ्या प्रत्येकाला, आपल्या टीमलाही, बरोबर पान वाचायला मिळेल.

आपली नम्र,
एक टेक्निकल रायटर
पुणे